चुन्याची रेघ आणि लग्नाची माती

प्रधानांची बहीण माझ्या शाळेच्या ऑफिसात कुदळ मारत होती.

ऑफिस अजून बांधलेलं नव्हतं. जमिनीवर फक्त चुन्याची रेघ होती आणि कोपऱ्याकोपऱ्यात लाकडी खुंट्या. पंधरा दिवसांनी शिलान्यास व्हायचा होता, म्हणजे पायाचा दगड बसवायचा समारंभ. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. आणि इथे वीस-पंचवीस बायका ढोलक वाजवत, गाणी म्हणत ती रेघ तुडवून आत शिरल्या होत्या. प्रधानांच्या या बहिणीने, म्हणजे नवरीच्या आत्याबाईंनी, नेमका वायव्येचा कोपरा गाठला, पदर खोचला आणि कुदळ उचलली.

मी म्हणाले, "अहो, इथे का खणताय? पोखरा तर तिकडे आहे!"

पोखरा म्हणजे गावतळं. ते माझ्या मते चाळीस पावलं पूर्वेला होतं. नकाशात तसंच होतं, आणि त्या नकाशाखाली माझी सही होती.

ईशा, निनाद, तुम्ही दोघं मेलबर्नला वाढलात. मागच्या महिन्यात फोनवर निनादने विचारलं, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" मी म्हटलं, "जागा बघायचे." तो म्हणाला, "रिअल इस्टेट?" तेव्हाच ठरवलं की एकदा नीट लिहून पाठवायचं. त्या वर्षीची डायरी समोर आहे, त्यामुळे फार चुकणार नाही.

तर मी बनारसच्या जिल्हा प्लॅनिंग ऑफिसात असिस्टंट होते. ऑफिसात तेव्हा बायका दोनच, एक टायपिस्ट आणि एक मी. गावात सरकारी शाळा, दवाखाना, रस्ता असं काही यायचं असलं की ते कुठे बसवायचं, हे पाहणं माझं काम. गावची पंचायत जागा सुचवी. लेखपाल नकाशा दाखवी. लेखपाल म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला तलाठी, गावच्या जमिनीच्या नोंदी ठेवणारा सरकारी माणूस. मग मी जाऊन जागा बघायची, चौदा प्रश्नांचा छापील फॉर्म भरायचा आणि खाली सही करायची. याला आम्ही 'साइट पास करणं' म्हणायचो. मी पास केलेल्या साइटवर कधी तक्रार आली नव्हती. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मीच त्यांना ते माहीत करून दिलं होतं.

हे गाव गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे दीड तासावर. नाव धनेसरपूर. आजूबाजूच्या सात गावांत मिळून मुलींची पाचवीपुढची एकही शाळा नव्हती. पाचवी झाली की मुलगी घरी. त्या शाळेसाठी मी दोन वर्षं कागद हलवत होते. वर्षातून एकच कन्या विद्यालय मंजूर होई, आणि जिल्ह्यातले सगळे ब्लॉक, म्हणजे आपल्या तालुक्यासारखे विभाग, त्याच्यावर टपलेले. यंदा ते धनेसरपूरला मिळालं, तेव्हा मी घरी पेढे नेले होते. माझ्या सासूबाईंनी विचारलं, "प्रमोशन झालं का गं?" मी म्हटलं, "त्याहून मोठं."

पंचायतीने सुचवलेली जागा पक्क्या रस्त्याला लागून होती. सपाट. झाड नाही, झोपडी नाही, कोणाचं पीक नाही. नोंदीत लिहिलेलं होतं 'परती', म्हणजे पडीक सरकारी जमीन. मी वैशाखात गेले, चौदा प्रश्नांची उत्तरं लिहिली, सही केली. चाळीस मिनिटं लागली. परत येताना जीपमध्ये डायरीत लिहिलं आहे, 'आयडियल साइट.' अजून तसंच आहे, खोडलेलं नाही.

आता पुन्हा त्या कुदळीकडे.

मी त्या संध्याकाळी खुंट्या तपासायला गेले होते. प्रधान रामबचन सिंह यांच्या थोरल्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. प्रधान म्हणजे तिकडचे सरपंच. त्यांच्या पत्नीला सगळं गाव प्रधानिन म्हणे. मोठ्या हाडापेराची, मोठ्या आवाजाची बाई. तिने मला मोजायचा फीता घेऊन खुंटीपाशी वाकलेलं पाहिलं आणि हाताला धरून ओढलं. "चला बहिनजी, पोखऱ्यावर मटकोरला चला. फीता नंतर ओढा."

मटकोर ही तिकडची लग्नातली रीत. लग्नाआधी बायका वाजतगाजत जाऊन माती खणून आणतात. मुलीची आत्या पाच वेळा कुदळ मारते, माती पदरात घेतात, आणि त्या मातीची चूल करून मांडवात ठेवतात. जाताना बायका गारी म्हणतात, म्हणजे शिव्यांची गाणी, ज्याच्या नावाने म्हणतील त्याचा तो मान. मी पाहुणी, तेव्हा माझा मान झालाच पाहिजे. "साहेबांचं नाव काय?" प्रधानिनने विचारलं. मी तुमच्या आजोबांचं नाव सांगितलं. पुढची दहा मिनिटं त्या बायकांनी आजोबांबद्दल जे काही गायलं ते मी इथे लिहिणार नाही. घरी जाऊन आजोबांना सांगितलं, तेव्हा ते दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होते.

माझा सगळा जन्म बनारसमध्ये गेला. बालाजी घाटाच्या वर आपलं घर. पण ते मराठी लोकांचं घर, गल्ली मराठी, लग्नं मराठी पद्धतीची. आमच्याकडे हे नाही. मी एम.ए. भूगोल, जिल्ह्यातल्या मातीचे प्रकार मला पाठ, आणि जिल्ह्यातल्या बायका लग्नाला माती आणतात कुठून हे मला ठाऊक नव्हतं.

तर मी विचारलं, इथे का खणताय. ढोलक थांबली. उत्तर दिलं ते इमरती काकीने. ती कुंभाराची म्हातारी, पूर्वेच्या टोल्यातली. टोला म्हणजे वस्ती. मटकोरची जागा दाखवायचा मान तिच्या घराण्याचा, कारण मातीतलं कुंभारालाच कळणार.

"ए बहिनजी, ई पोखरे ह," ती म्हणाली. हाच पोखरा आहे.

"पोखरा तिकडे आहे ना, काकी. पाणी तिकडे आहे."

"जेठ चालू आहे. जेठात पाणी तिकडेच असणार. भादोत तुम्ही उभ्या आहात तिथे माझी म्हैस पोहते." जेठ म्हणजे ज्येष्ठ, भादो म्हणजे भाद्रपद.

बायका हसल्या. मी नाही हसले. "म्हणजे इथपर्यंत पाणी येतं?"

"इथपर्यंतच येतं. म्हणून तर इथे खणायचं. चुलीची माती काठाची लागते. आतली फाटते, बाहेरची भुसभुशीत. माझी सासू इथेच खणायची. तिची सासूही इथेच. बघा ना, किती खड्डा झालाय."

खरंच कोपऱ्यात परातीएवढा खोलगट भाग होता. वैशाखात मी तो पाहिला होता. फॉर्ममध्ये 'मायनर डिप्रेशन' असं लिहिलंही होतं.

"गेल्या वर्षी आलं होतं पाणी?"

काकीने मान हलवली. "तीन वर्षं पाऊसच नीट नाही. अर्ध्यापर्यंत आलं, गेलं. पण येणार तर आहेच. पोखऱ्याचं घर आहे हे."

मी तिच्याकडून खुरपं मागून घेतलं आणि भर लग्नाच्या बायकांत फतकल मारून खणायला बसले. वरचा दोन बोटांचा थर पिवळा, धुळीचा. खाली काळी, चिकट माती. आणि त्यात बारीक बारीक गोगलगायींचे शंख, पाण्यातल्या गोगलगायींचे. रेघेच्या आत पाच ठिकाणी खणलं. पाचही ठिकाणी तेच. मग कोपऱ्याच्या बाहेर दहा पावलांवर खणलं. तिथे शंख नव्हते.

याचा अर्थ सरळ होता. मी मुलींची शाळा तळ्यात पास केली होती.

"काकी, पंचायतीचा ठराव झाला तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"ठराव तर मर्दांचा होता."

"चुना टाकला तेव्हा?"

"वाटलं, सरकारला माहीत असेल. तुम्ही शिकलेल्या." मग ती म्हणाली, "शाळा आम्हाला पण पाहिजे, बहिनजी. माझी नात यंदा पाचवी झाली. पण पोखरा अर्धा बुजवलात तर आमच्या टोल्याची विहीर जेठात कोरडी पडणार. मग ती शाळेत जाईल की पाण्याला?"

या प्रश्नाला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी लेखपालांना गाठलं. भला माणूस, त्याच भागातला, अक्षर सुंदर. मी विचारलं, "मुन्शीजी, तुम्हाला माहीत होतं की मटकोर त्या कोपऱ्यात होतो?"

"हो तर. माझ्या बहिणीचा पण तिथेच झाला."

"आणि मटकोर पोखऱ्याच्या काठावर करतात, हेही माहीत होतं?"

"हो."

"मग ती जमीन परती कशी?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी दोन वेगळ्या गावांची गोष्ट एकत्र करत होते. "मॅडम, ते बायकांचं आहे. ते नोंदीत कुठे असतं?"

मला त्यांचा राग आला नाही. मीही वैशाखात हेच केलं होतं, फक्त इंग्रजीत.

मग रेकॉर्ड रूम. आपल्याकडे चकबंदी नावाचा कार्यक्रम झाला होता. एकेका शेतकऱ्याचे दहा ठिकाणी विखुरलेले तुकडे एकत्र करून एक सलग शेत द्यायचं, आणि त्यासाठी गावाचा नकाशा नव्याने काढायचा. आमच्या हातात असे तो नवा नकाशा. त्याच्या आधीचा जुना, कापडावर काढलेला, रेकॉर्ड रूमच्या फडताळात गुंडाळून पडलेला. तो उलगडायला मला अर्धा दिवस अर्ज करावा लागला आणि अर्धा दिवस शिंकावं लागलं. धनेसरपूरचा पोखरा त्यात होता. नव्या नकाशातल्या पोखऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याचा वायव्येचा कोपरा मोजून बघितला. इमरती काकीच्या खड्ड्यापासून तीन पावलांचा फरक. तीन पावलं कापड आकसण्यात जातात.

चूक कशी झाली हेही तिथेच कळलं. रामनगरचा पक्का पूल तुम्ही पाहिलाय. तेव्हा तो नव्हता. पिप्यांचा पूल होता, मोठे लोखंडी पिपे पाण्यावर बांधून त्यावर फळ्या टाकलेल्या. पावसाळा आला की तो काढून ठेवत. मग पलीकडे जायचं तर मोठ्या पुलावरून लांबचा वळसा. म्हणून सगळी ऑफिसं गंगेपलीकडची कामं उन्हाळ्यात उरकून घेत. नकाशा काढणारे उन्हाळ्यात गेले. लेखपालांची तपासणी उन्हाळ्यात. मी वैशाखात. सरकारपैकी कोणीही तो पोखरा भरलेला पाहिलाच नव्हता.

आता साहेबांकडे जायचं होतं. त्रिपाठी साहेब आमचे प्लॅनिंग ऑफिसर. हुशार, तिरके, पान खाऊन बोलणारे. मी नकाशे टेबलावर पसरले, शंखांची पुडी ठेवली आणि सांगितलं.

त्यांनी एक शंख उचलून उजेडात धरला. "लेले मॅडम, साइट कोणी पास केली?"

"मी."

"मग आता नापास कोण करतंय?"

"मीच."

"शिलान्यास बारा दिवसांवर आलाय. मोठ्या साहेबांचा प्रोग्राम छापून गेला. जागा नाही म्हटलं की मंजुरी दुसऱ्या ब्लॉकला. तीन ब्लॉक दारात उभे आहेत. तुम्हाला हवीय ना ही शाळा?"

"हवीय."

"मग भराव घालू. चार फूट."

"चार फूट भराव घातला की पाणी पूर्वेच्या टोल्यात शिरेल, आणि उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीत उतरणार नाही. शाळा कोरडी, गाव आधी बुडणार मग तहानणार. असं मी पास करणार नाही."

त्यांनी पान एका गालात सारलं. मग म्हणाले, "लिहून द्या."

मी तिथेच बसून लिहिलं. तीन वाक्यं. माझी पाहणी अपुरी होती. जागा तळ्याची आहे. मंजुरी कायम ठेवून त्याच गावात दुसरी जागा शोधायला सात दिवस मिळावेत. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"फाइलीत 'पुनर्विचार' वाचलाय, 'तांत्रिक कारण' वाचलंय. 'माझी पाहणी अपुरी होती' हे आजवर वाचलं नव्हतं. तुमच्या सर्व्हिस बुकात राहील हे, मॅडम."

"राहू दे."

"सात दिवस. पंचायतीच्या ठरावासकट. आठव्या दिवशी मी दुसऱ्या ब्लॉकला फोन करणार. आणि ती पुडी इथेच ठेवा."

त्या रात्री मला झोप आली नाही वगैरे काही झालं नाही. मी नीट जेवले आणि झोपले. सकाळी सासूबाईंकडून रांगोळीची चाळणी मागून घेतली.

धनेसरपूरला गेले ती दोन दिवसांनी, लग्न पार पडल्यावर. मांडव अजून तसाच होता. मी प्रधानिनला म्हटलं, मला सगळ्या टोल्यांतल्या बायका हव्यात, तुमच्या अंगणात, दोन तास. तिने विचारलं, "गाणी?" मी म्हटलं, "नाही, नकाशा."

अंगण शेणाने सारवलेलं होतं. मी चाळणीने राखेचा एक रस्ता ओढला, एक देऊळ काढलं आणि म्हटलं, आता गाव तुम्ही पुरं करा. पहिली पाच मिनिटं सगळ्या पदर तोंडाला लावून बसल्या. मग इमरती काकी उठली. "देऊळ चुकलंय तुमचं," म्हणून तिने ते पायाने पुसलं आणि दोन हात सरकवलं. त्यानंतर मला कोणी विचारलंही नाही. विटेची पूड, राख, हळद, पीठ, जे हाताला लागेल ते आलं. चौक पुरणाऱ्या, म्हणजे सणासुदीला पिठाची रांगोळी काढणाऱ्या बायका, हात सरावलेले. घरं, विहिरी, वाटा, कोणाचा गोठा, कोणाची भांडणाची भिंत.

"आता भादोतलं पाणी दाखवा," मी म्हटलं. निळीचं पाणी करून आणलं होतं. त्यांनी पोखरा काढला, आणि तो मला पाठ झालेल्या जुन्या कापडी नकाशासारखा निघाला. वायव्येचा कोपरासुद्धा. मग पाणी वाहून जायची वाट काढली, चिखलाची गल्ली काढली. शेवटी विचारलं, "पाणी कधीच येत नाही अशी मोकळी जागा कुठली?"

सात-आठ बोटं एकदम एकाच जागी गेली. गावाच्या मागे, उत्तरेकडचं खळं.

खळी गावात दोन होती, उत्तरेला एक, दक्षिणेला एक. दोन्ही सरकारी नोंदीत सार्वजनिक, गव्हाची मळणी करायला राखलेली. उत्तरेचं खळं प्रधानांच्या भाऊबंदांच्या टोल्याचं. वर्षातला दीड महिना वापर, बाकी वेळ तिथे बैल बांधत आणि पत्ते खेळत.

संध्याकाळी पुरुषांची बैठक झाली, त्याच अंगणात. नकाशा पुसू द्यायचा नाही म्हणून बायका त्याच्या कडेने बसून राहिल्या, उठल्याच नाहीत. पुरुषांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

उत्तर टोल्याचा एकजण म्हणाला, "आमचं खळं जाणार, आणि दक्षिणवाल्यांचं राहणार? का म्हणून?"

दक्षिणेकडची एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आमच्या खळ्यावर या मळायला. जागा आहे. आता थ्रेशर आलाय, चार दिवसांत होतं तुमचं. बाकी दिवस पत्तेच कुटता."

हशा झाला. तो माणूसही हसला, पण हट्ट सुटेना. खरा अडसर मात्र तो नव्हताच. रामबचन सिंह आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. ते वाईट माणूस नव्हते. पोखऱ्याची जमीन कोणाच्या घशात घालायची असाही त्यांचा विचार नव्हता. शेवटी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बहिनजी, रस्त्यावरची जागा मी मागितली, कारण शाळेला बाबूजींचं नाव द्यायचं ठरलंय. माझ्या वडिलांनी या गावात पहिला धडा मुलांना शिकवला, आपल्या ओट्यावर, फुकट. पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे. तीन वर्षं पाणी पुरतं आलं नाही, वाटलं थोडा भराव घातला की झालं. बस जाते, माणसं जातात. खळ्यावर गावाच्या मागे ती पाटी कोण बघणार?"

नकाशाच्या पलीकडून प्रधानिन म्हणाली,

"मुली बघतील. रोज."

प्रधानांनी तिच्याकडे बघितलं. ती पुढे बोलली, आवाज अजिबात न वाढवता, आणि तिच्या बाबतीत ते नवल होतं. "बसवाला एकदा बघणार आणि विसरणार. आणि पाटी पाण्यात उभी राहिली तर काय म्हणतील? सिंह बाबूंची शाळा पोखऱ्यात. आपल्या मुलीची माती तिथून आणलीय. अजून धाकटी आहे. तिच्यासाठी कुठे जायचं? ऑफिसात?"

प्रधानांनी डोक्यावरचा गमछा काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग लेखपालांना म्हणाले, "मुन्शीजी, लिहा ठराव. उत्तरेचं खळं शाळेला. मळणी दक्षिणेला. आणि पोखरा," त्यांनी राखेच्या नकाशाकडे बघितलं, "पोखरा बायकांनी काढलाय तेवढा लिहा."

मुन्शीजींनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिला. मी म्हटलं, मटकोरच्या कोपऱ्याचाही उल्लेख करा. त्यांनी क्षणभर लेखणी थांबवली, आणि तोही केला.

पाचव्या दिवशी मी ठराव साहेबांच्या टेबलावर ठेवला. सार्वजनिक जमिनीचा वापर बदलायला वरची परवानगी लागते आणि एरवी त्याला महिने जातात. त्रिपाठी साहेब ती फाइल स्वतः काखेत मारून कचेरीभर फिरले. शिलान्यास छापलेल्या दिवशीच झाला. फक्त जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची गाडी गावातून मागच्या बाजूला नेताना एका गोठ्याचा कोपरा गेला. त्याबद्दल इमरती काकीने ड्रायव्हरच्या नावाने एक गारी म्हटली. ड्रायव्हरने तो मान समजून घेतला.

त्या वर्षी पाऊस नीट झाला. भादोत एक दिवस त्रिपाठी साहेब म्हणाले, "चला मॅडम, तुमचा पोखरा बघू." पिप्यांचा पूल काढलेला. लांबच्या पुलाने गेलो, अर्धा दिवस त्यातच गेला. रस्त्यावर जीप थांबवली आणि दोघंही काही वेळ उतरलोच नाही. रस्त्यापासून थेट पूर्वेच्या टोल्यापर्यंत पाणी होतं. म्हशी पोहत होत्या. चुना केव्हाच धुऊन गेलेला, पण वायव्येच्या कोपऱ्यातली माझी खुंटी कोणी उपटली नव्हती. ती पाण्याच्या अगदी कडेला चार बोटं वर दिसत होती, आणि तिच्या आतलं सगळं पाणी.

साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात चार पावलं गेले, आणि मागे वळून म्हणाले, "लेले मॅडम, तुमच्या ऑफिसात आलो. खुर्ची द्या."

माझ्या नोकरीत मला सर्टिफिकिटं मिळाली, शाल मिळाली, निरोपाच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण अभिमान कशाचा असं विचाराल तर तो त्या खुंटीचा आहे. सर्व्हिस बुकातली ती नोंदही राहिली. पुढच्या बढतीच्या वेळी एका सदस्याने ती वाचून मला विचारलं, "ही चूक तुमची?" मी म्हटलं, "हो, आणि पोखरा अजून आहे." बढती एक वर्ष उशिरा मिळाली.

शाळा चालू आहे. आता बारावीपर्यंत झाली. इमरती काकीची नात तिथे आठवीपर्यंत शिकली. पुढेही शिकली असती, तर ही गोष्ट अधिक छान झाली असती, पण आठवीपर्यंतच शिकली. तिची मुलगी मात्र बारावी झाली. पाटी दारावर आहे. रस्त्यावरून दिसत नाही.

भादोतल्या त्या फेरीहून परत आल्यावर मी फॉर्ममध्ये पंधरावा प्रश्न घालायची सूचना लेखी दिली होती. तो कधी छापला गेला नाही. म्हणून रिटायर होईपर्यंत प्रत्येक फॉर्मखाली मी तो हाताने लिहीत राहिले: 'गावातल्या बायका लग्नाची माती कुठून आणतात?' आणि पुढे उत्तर, सांगणाऱ्या बाईच्या नावासकट.

निनाद, तू आता तिकडे सिव्हिल इंजिनीअरिंग करतोयस, म्हणून एवढंच. जागा पावसाळ्यात बघावी. ते जमत नसेल तर उन्हाळ्यात जाऊन विचारावं. पण त्याला चाळीस मिनिटं पुरत नाहीत. मला नंतर प्रत्येक साइटला दोन तास लागायचे.